आमच्या आळीतली तीन माणसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. चिटणीसबाई मला म्हणाल्या की, गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातली जी माणसे गेली त्यांच्याविषयी कोणी तरी चार शब्द बोलले पाहिजेत, आणि त्यांतली तीन इस्राएल आळीतली असल्यामुळे ते काम तू कर. मी म्हटले, "मी सातवी शिकलेली बाई, मला कुठले जमायला?" तर म्हणाल्या, "नळावर बोलतेस तशीच बोल." तरी मी लिहून आणले आहे. लिहिलेले पुढे नसले तर मध्येच रडू येईल, नि सांगायचे राहून जाईल.

नावे मी घेत नाही. ती मंडळाच्या वहीत आहेत. आपण त्यांना काका, बाय आणि मावशी म्हणत होतो, तेच मी म्हणणार.

अलीकडे अलिबागेत नवी बिऱ्हाडे पुष्कळ आली आहेत. त्यांतल्या बायका मला विचारतात, "तुम्ही ख्रिस्ती ना?" मशीद म्हटले की विचारतात, "मग मुसलमान का?" त्यांच्यासाठी थोडे सांगते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. आमचे वाडवडील सांगत आले की, फार शतकांपूर्वी आमच्या लोकांचे गलबत नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरले, ती जागा थळच्या पुढे आजही दाखवतात. पोथ्यापुस्तके सारी समुद्रात गेली. 'शेमा' ही एक प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारचा विसावा एवढेच ध्यानात राहिले. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक 'शनवार तेली' म्हणू लागले. ज्या गावी राहिलो त्या गावचे आडनाव लागले. केहीमकर, पेणकर, रोहेकर. आमच्या प्रार्थनेच्या जागेला बाहेरचे लोक सिनेगॉग म्हणतात, आम्ही घरात मशीदच म्हणतो. अलिबागची मशीद 1848 साली बांधली आणि 1910 साली पुन्हा नव्याने बांधली. 1948 साली इस्राएल देश झाला आणि त्यानंतर माणसे हळूहळू तिकडे जाऊ लागली. आता साऱ्या हिंदुस्थानात मिळून आम्ही पाच हजारांच्या आतच उरलो असू. आळीत कुलपे जास्त आणि उघडी दारे कमी. असो.

काका आपल्या मंडळाचे सभासद नव्हते, कसे असणार! पण त्यांच्यावाचून आपला एकही कार्यक्रम झालेला नाही. सतरंज्या उचलणे, खुर्च्या मोजून आणणे, हॉलच्या किल्लीसाठी दोन खेपा घालणे, हे सगळे त्यांच्याकडे. काकी म्हणायच्या, "घरात पाण्याचा तांब्या उचलीत नाहीत, नि मंडळाच्या पन्नास खुर्च्या उचलतात!" मशिदीत प्रार्थना तेच चालवीत.

आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. माणसे आकड्याने मोजू नयेत, असे आमच्याकडे आहे. म्हणून काका दहा शब्दांचा एक हिब्रू श्लोक पुटपुटत एकेकाकडे पाहायचे. श्लोक पुरा झाला की पुस्तक उघडायचे. पुष्कळदा शेवटचे दोन-तीन शब्द उरत. मग काका दारात जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहत.

2019 सालच्या पावसाळ्यात काका गेले. मयताच्या घरच्यांना कद्दीश म्हणावी लागते, आणि तिला ते दहा पुरुष हवेतच. त्या दिवशी दुसऱ्या एकाने तोच श्लोक म्हटला आणि एक शब्द उरला. एरवी दहावे काकाच असायचे. मग फोन करून एकाला बोलावले. तो येईपर्यंत सारे थांबून राहिले. बाहेर पाऊस. आळीतली तुमची मुले सकाळपासून ओसरीवर उभी होती. काकांनी त्यांना पोहायला शिकवलेले. त्यांतल्या एकाने मला हळूच विचारले, "काकी, मी उभा राहिलो तर चालणार नाही का?" मी त्याला काय सांगणार! मी म्हटले, "बाळा, मी या घरची, नि मीसुद्धा त्या दहांत धरत नाहीत." तो काही बोलला नाही. पुढे खांदा मात्र त्यानेच दिला, कबरस्तानापर्यंत बदलू दिला नाही.

कद्दीश ऐकायला दुःखाची वाटते. पण तिच्यात मरणाचा शब्दही नाही, सगळी देवाची स्तुती आहे. हे मला काकांनीच सांगितले होते, एकदा सतरंजी झटकता झटकता.

आता बाय. बायला आपण सर्वांनी खाल्लेल्या हलव्यामुळे ओळखता. आमच्या नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या वर्षारंभाला, चिकाचा हलवा करतात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा. मग त्यात नारळाचे दूध आणि साखर घालून ढवळीत राहायचे. नारळाचे दूध अशासाठी की, मटणाच्या जेवणावर आम्हांला गाईम्हशीचे दूध चालत नाही. ढवळणे दोन-अडीच तासांचे, आणि हात थांबला की खाली लागतो. बाय चुलीपाशी पाटावर बसायची नि आळीतल्या बाया पाळीपाळीने ढवळायच्या. त्यांत आमच्या किती आणि तुमच्या किती, हे कोणी पाहिले नाही.

मला बाय दर वर्षी म्हणायची, "शिकून घे ग." मी म्हणायची, "पुढच्या वर्षी." एका वर्षी मी शहाणपणाने बाजारातून पाकीट आणून कॉर्नफ्लॉवरचा हलवा केला आणि ताट घेऊन तिच्याकडे गेले. तिने एक वडी तोंडात घातली, पाणी प्यायली नि म्हणाली, "औषध चांगलं आहे, कशावर देतात?" मला राग आला. चार दिवस मी तिच्या दारावरून गेले नाही. आता वाटते, ते चार दिवस गेले कुठे?

बाय 2022 साली गेली, झोपेत. ऐंशीच्या पुढे वय होते. त्या वर्षी मी एकटीने गहू भिजवले. चीक निघाला, पण चुलीवर ठेवल्यावर दूध किती, कुठले आधी, काही कळेना. बाय कधी मापाने घालीत नसे. मी रडकुंडीला येऊन बसले. तेव्हा समोरच्या वहिनी आल्या. त्या बामणाच्या, मटणाच्या घरचे पाणीही पूर्वी पीत नसत. पण बायच्या शेजारी बसून त्यांनी पंचवीस वर्षे कालथा फिरवला होता. म्हणाल्या, "आधी पातळ दूध, जाड दूध शेवटी. आणि साखर चीक शिजल्याशिवाय नाही." बायची विद्या त्यांच्याकडे होती. आता मी त्यांच्याकडून शिकते आहे.

मावशीविषयी बोलायला मला जड जाते. आपल्या मंडळाची खजिनदार ती सतरा वर्षे होती. एकदा हिशेबात अकरा रुपये जास्त निघाले म्हणून रात्री बारापर्यंत बसली. आम्ही म्हटले, "जास्तच आहेत ना, कमी तर नाहीत!" ती म्हणाली, "कुणाचे तरी कमी झाले असतील." मला मंडळाचे इतिवृत्त लिहायला तिनेच बसवले. माझे ऱ्हस्वदीर्घ ती लाल पेन्सिलीने सुधारायची. आज मी हा कागद घेऊन उभी आहे, तो त्या लाल पेन्सिलीचा प्रताप. यातही चुका असतील, पण आता दाखवू कोणाला?

मंगळसूत्र आमच्यातही बायका घालतात. मावशीचे यजमान वारले तेव्हा तिने ते काढले. संक्रांतीला मंडळाचे हळदीकुंकू आले. विधवा बायांना बोलवायचे नाही, ही तेव्हाची रीत. मावशी न बोलावता आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मी कुंकू कधीच लावीत नव्हते, आमच्यात नाही. तरी तुम्ही मला इतकी वर्षे बोलावलेत. मग आता काय बदललं?" कोणी बोलेना. त्या दिवशी पुष्कळ वाद झाला, दोघी-तिघींनी मंडळही सोडले, पुढे त्या परत आल्या. दुसऱ्या वर्षापासून आपण तिळगूळ समारंभ करतो आणि सर्व बायांना बोलावतो. नव्या सभासदांना वाटत असेल की, हे पहिल्यापासूनच असे आहे.

मावशीचे मुलगे इस्राएलमध्ये, दिमोना गावी. तिकडे आपली मराठी माणसे पुष्कळ आहेत. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तिकडून निघत आले आहे. मुलांनी तिला नेले होते. सहा महिने राहिली नि परत आली. मी विचारले, "का ग?" म्हणाली, "सगळं चांगलं आहे. सुना चांगल्या, भाकऱ्यासुद्धा करतात. पण चारी बाजूंनी वाळू नि समुद्र कुठेच नाही. अशी वाळू काय कामाची?" येताना तिने यरुशलेमची माती एका लहान पुरचुंडीत आणली. ती आणि आपल्या शेवटच्या कपड्यांचे पांढरे कापड तिने माझ्या हवाली केले. "तू घालशील मला आंघोळ," म्हणाली.

आमच्यात बाईमाणूस गेले की शेवटची आंघोळ बायाच घालतात. बायबरोबर राहून मी ते काम शिकले होते. हलवा शिकले नाही, हे मात्र शिकले. ते काम करताना बोलायचे नाही, घाई करायची नाही. कोणी पैसे घेत नाही, आणि ज्याचे करायचे तो आभार मानू शकत नाही. म्हणून ते मोठे पुण्याचे मानतात.

2021 साली करोनाची दुसरी लाट आली. मे महिन्यात मावशीला दवाखान्यात नेले, आठव्या दिवशी ती गेली. कोणाला जवळ जाऊ दिले नाही. प्लॅस्टिकमध्ये बांधूनच दिली. आंघोळ नाही, पांढरे कपडे नाहीत. पुरायला चारच माणसे, अंगभर झगे घातलेली. दहाजण जमायचे तर नावच नको. मी कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभी होते, पिशवीत कापड नि पुरचुंडी घेऊन. मला आत सोडले नाही. त्यांचाही दोष नव्हता. मी पिशवी तशीच परत आणली. तिकडे दिमोनात तिच्या मुलांनी दहा माणसे जमवली आणि कद्दीश म्हटली. मोठ्याने मला फोन लावून ऐकवली. माती इथे, कद्दीश तिथे, असे झाले.

त्या वेळी आपल्यापैकी किती घरांत असेच झाले हे मला ठाऊक आहे. कोणाला वडिलांचे तोंड दिसले नाही, कोणाला अस्थी दुसऱ्याच्या हातून घ्याव्या लागल्या. म्हणून हे माझे एकटीचे गाऱ्हाणे म्हणून मी सांगत नाही. पण ते पांढरे कापड अजून माझ्या ट्रंकेत आहे. मला ते काढवत नाही नि दुसऱ्या कोणाला देववतही नाही. दिवाळीनंतर फाटक उघडले तेव्हा मी एकटी गेले आणि यरुशलेमची माती तिच्या कबरीवर पसरली. पुढे मुलगा आला, दगड बसवला. वर हिब्रू, खाली मराठी. मराठीतली अक्षरे मला विचारून घातली. ऱ्हस्वदीर्घ मी चार वेळा तपासले.

आमच्यात दारफळणीचा सण असतो. त्या दिवशी कडक उपास. पूर्वी घराची दारे बंद ठेवीत, म्हणून हे नाव. त्याच्या आदल्या दिवशी गेलेल्यांचे आत्मे घरी येतात, अशी जुन्या माणसांची समजूत. आपल्या पितृपंधरवड्यासारखेच म्हणा. दारफळणीच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी ते आत्मे परत जातात. आम्ही दानधर्म करतो, एकमेकांकडे जातो. 2024 साली दारफळणी आणि दसरा एकाच दिवशी आले, 12 ऑक्टोबरला. तुम्ही सोने वाटीत होतात आणि आम्ही उपाशी मशिदीत. संध्याकाळी आले तो अंगात त्राण नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या वहिनी, त्यांची सून, आळीच्या तोंडची पोरे, सगळी आपट्याची पाने घेऊन हजर. वहिनी म्हणाल्या, "शिळ्या सणाला शिळे सोने!" आम्ही खूप हसलो. जाताना मी पाहिले, त्यांच्या सुनेने एक पान मावशीच्या बंद दाराच्या कडीत खोवले. ती सून मावशी गेल्यावर लग्न होऊन आलेली. तिने मावशीला पाहिलेलेही नाही.

आता एकच सांगायचे आहे. पावसानंतर आमच्या कबरस्तानात रान फार माजते. काका होते तोवर ते कोयता घेऊन जात. आता वेलींनी दगडांवरची अक्षरे झाकली आहेत, बायचा दगड तर दिसतच नाही. येत्या रविवारी मी आणि माझे यजमान साफ करायला जाणार आहोत. कोणाला यायचे असेल त्यांनी सकाळी सात वाजता मशिदीच्या दारापाशी यावे. कोयते दोनच आहेत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणावेत. चहा मी करून आणीन.