डॅशबोर्डमागची गळती



गॅरेजवाल्याला बोलायला उभे केलेत, तर उपयोगाचे सांगतो. जुन्या गाडीत गोडसर वास येतो, काचेवर आतून चिकट थर बसतो, पायाखालचे मॅट ओले होते? एसीचे पाणी असेल तर ते बिनवासाचे. बोटाला चिकटले तर कूलंट. डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, म्हणजे हीटर कोअर, गळतो आहे. वर्षानुवर्षे नुसते नळाचे पाणी ओतले की तो आतून गंजतो.

“आपल्याकडे हीटर कशाला?” म्हणत लोक दोन्ही होज एकमेकांना जोडून घेतात. गाडी चालते, पण पावसाळ्यात घाटात काच धुरकटली की गरम हवा कामी येते. गळती तशीच ठेवली, तर कूलंट संपून इंजिन तापते.

इंजिन थंड झाल्यावरच कॅप उघडा. कूलंट गोड पण विषारी. कुत्री-मांजरे चाटतात, म्हणून घमेल्यात धरा. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून मजुरी मोठी. नवा कोअर बसवल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून आतली हवा काढा.

सर, विज्ञानाच्या तासाला शिकवलेले उष्णतेचे वहन मी रोज हाताने अनुभवतो.