वैद्यकीय इच्छापत्र

वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजेच लिव्हिंग विल, मालमत्तेच्या मृत्युपत्राहून वेगळे. बरे होण्याची आशा संपली आणि स्वतः बोलता येत नसेल, तर व्हेंटिलेटरसारखे उपचार नकोत, हे त्यात आधीच नोंदवता येते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्याने २०११ साली जीव टिकवणारे उपचार थांबवावेत का, हा प्रश्न घरोघरी पोचवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली. पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीची अट जाचक होती. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. तालुक्याच्या गावी ही मोठीच सोय. निर्णय कळवणाऱ्या नातेवाइकांची नावे त्यात लिहायची. एक प्रत नगरपंचायतीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची. उपचार थांबवण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. विचार बदलला, तर इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता येते.