करारावर सही कोणाची?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वेतनकरार झाला की वृत्तपत्रात एक छायाचित्र हमखास येते. मध्यभागी व्यवस्थापनाचे अधिकारी, शेजारी युनियनचे पुढारी, समोर कागद आणि पुष्पगुच्छ. ज्याच्या नावाने हा सारा सोहळा होतो, तो त्या वेळी पाळीवर यंत्रापुढे उभा असतो. करारात काय लिहिले आहे हे त्याला पुष्कळदा दोन दिवसांनी, तेही सांगोवांगी कळते. सामूहिक वाटाघाटींत या सामान्य सभासदाचे आणि त्याच्या स्थानिक शाखेचे स्थान कोणते, हा आजचा विषय आहे.

आपल्याकडे या चळवळीचा आरंभच मुळी सभासदांच्या सहभागातून झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार ठरल्या तारखेला आणि अपघातात जखमी झालेल्यास भरपाई, अशा मागण्या त्या सभांतून पुढे आल्या. 1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्याच वर्षी 10 जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. कामगार संघटनांना कायद्याची मान्यता मिळण्यास अद्याप 36 वर्षांचा अवकाश होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते.

दुसरे उदाहरण अहमदाबादचे आहे आणि ते थोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे. प्लेगच्या काळात दिलेला बोनस मालकांनी बंद केला, तेव्हा विणकरांनी 50 टक्के वाढ मागितली. मालक 20 टक्क्यांच्या पुढे सरकेनात. महात्मा गांधींनी सहकाऱ्यांसह धंद्याची स्थिती आणि मुंबईतील वेतनाचे दर तपासून 35 टक्क्यांचा आकडा काढला व कामगारांच्या गळी तो उतरविला. 1918 च्या फेब्रुवारीत टाळेबंदी झाली. त्यानंतर साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा भरे, रोज पत्रक निघे आणि ते वाचून दाखविले जाई. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, तर कामगारांच्या बाजूला त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन! घरातले भांडण चव्हाट्यावर न येता धंद्याचे भांडण तडीस कसे न्यावे, याचा तो वस्तुपाठच होता.

परंतु या लढ्यातील खरी कलाटणी एका चाळीतून आली. दिवस लांबत चालले, घरातील धान्य संपले, तेव्हा कामगार कुजबुजू लागले की, गांधीजी आणि अनसूयाबेन मोटारीतून येतात, पोटभर जेवतात, त्यांचे काय जाते? हा टोमणा गांधीजींच्या कानी गेला. त्यांनी त्यात कामगारांचा कृतघ्नपणा पाहिला नाही. त्यातील सत्य पाहिले आणि 15 मार्चला उपोषण आरंभिले. 18 मार्चला समझोता झाला. पहिल्या दिवशी 35 टक्के, दुसऱ्या दिवशी 20 टक्के, पुढे लवादाचा निर्णय येईपर्यंत साडेसत्तावीस टक्के अशी ती तडजोड होती. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी अखेर 35 टक्क्यांवरच शिक्कामोर्तब केले. 1920 साली मजूर महाजन स्थापन झाले, तेही खातेवार प्रतिनिधी निवडण्याच्या पायावर. चाळीतला टोमणा नेत्यापर्यंत पोचला, ही त्या संघटनेची खरी ताकद होती. आज किती पुढाऱ्यांपर्यंत असा टोमणा पोचतो?

तो पोचला नाही तर काय होते, हे पाहण्यासाठी गिरणगावात यावे लागेल. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने त्या त्या क्षेत्रातील उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना मान्य केली. त्यासाठी पुढे 25 टक्के सभासदत्व पुरेसे ठरले. म्हणजे शंभरातील पंचवीस जणांच्या पावत्या ज्याच्याजवळ, त्याला उरलेल्या पंचाहत्तरांच्या वतीनेही बोलण्याचा अधिकार मिळाला. मुंबईच्या कापड गिरण्यांत हा अधिकार इंटकप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. धंद्यात शांतता नांदावी हा कायद्यामागील हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. पण ज्याचे आसन कायद्यानेच पक्के झाले, त्याला सभासदाकडे जाण्याची निकड उरत नाही. 1981 च्या दिवाळीतील बोनसच्या तडजोडीने हा साचलेला असंतोष फुटला आणि कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या दारी गेले.

18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. वेतनवाढीइतकीच, हा कायदा रद्द करा, ही त्यांची मागणी होती. ज्याच्यावर कामगारांचा विश्वास, त्याच्याशी बोलण्यास मालक आणि सरकार तयार नव्हते. ज्याच्याशी ते बोलायला तयार, त्याच्यामागे कामगार नव्हते. या कोंडीत गिरणगाव चिरडले गेले. कोकणात आणि घाटावर गावी गेलेल्या कित्येकांना परतीची वाट राहिली नाही. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. दोष केवळ कायद्याचा आणि मान्यताप्राप्त संघटनेचा नव्हता. संपाच्या बाजूला गिरणीवार समित्या होत्या, कामगारांचा त्याग तर अफाट होता. तरी निर्णयाचा अखेरचा शब्द एकाच व्यक्तीचा होता. पुढे जाणे शक्य नाही असे दिसू लागल्यावर, किती मिळाले म्हणजे थांबायचे, हे कामगारांना विचारणारी व्यवस्था उभी नव्हती. नेत्यावर श्रद्धा असणे ही चळवळीची मोठी शक्ती खरी, पण ती सभासदाच्या विचाराची जागा घेऊ शकत नाही.

स्व. दत्तोपंत ठेंगडी यांनी 23 जुलै 1955 रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा त्यांच्यासमोर इंटकमधील कामाचा प्रत्यक्ष अनुभव होता. कामगार संघटना राजकीय पक्षाच्या दावणीला बांधायची नाही, हा आग्रह त्यातूनच आला. पक्षाच्या कार्यालयात मागणीपत्र लिहिले जाऊ लागले की सभासद निव्वळ संख्या बनतो. ‘सौदा’ या शब्दातही त्यांना न्यून दिसे. सौद्यात घेणारा आणि देणारा असे दोनच पक्ष असतात. ज्या समाजाच्या खिशातून अखेर किंमत जाते, तो तिसरा पक्ष बाहेरच राहतो. राष्ट्रहित, उद्योगहित आणि कामगारहित यांची सांगड घालण्याचा विचार तेथून येतो. मात्र ‘उद्योग हा परिवार’ या वचनाचा सोयीस्कर अर्थ लावणारे व्यवस्थापक कमी नाहीत. परिवार म्हणायचे आणि ताळेबंद दडवायचा, हे परिवाराचे लक्षण नव्हे. हिशेब उघडा असेल तरच कामगाराने संयम दाखवावा असे म्हणण्याला अर्थ राहतो.

सभासदाचा सहभाग प्रत्यक्षात कसा घडतो? मागणीपत्रापासून. खात्याखात्यांत बैठका होऊन जे मागणीपत्र तयार होते, त्यात पाळीच्या बसची वेळ असते, उपाहारगृहातील पाणी असते, भट्टीजवळच्या उष्म्याचा भत्ता असतो. कार्यालयात बसून लिहिलेल्या मागणीपत्रात टक्केवारीखेरीज फारसे काही नसते. मग द्वारसभा. ती घोषणांपुरती न राहता वाटाघाटींच्या प्रत्येक फेरीचा वृत्तांत तेथे सांगितला गेला पाहिजे, त्यात न मिळालेल्या गोष्टीही आल्या. शेवटी मसुदा. तो बहुधा इंग्रजीत असतो. सही होण्यापूर्वी त्याचा मराठी अनुवाद सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावा आणि मत घ्यावे. समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार सभासद नसलेल्यांनाही बांधील असतो, म्हणून ही काळजी अधिकच.

वर्गणी पगारातून परस्पर कापून घेण्याची पद्धत रूढ झाली, 2002 सालच्या दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगानेही तिचा पुरस्कार केला. सभासदसंख्या निर्विवाद ठरते, हा तिचा लाभ मोठा आहे. पण पूर्वी पावतीपुस्तक घेऊन कार्यकर्ता दरमहा प्रत्येक यंत्रापाशी जात असे आणि चार गोष्टी ऐकून घेत असे, ते ऐकणे त्यात गेले.

राष्ट्रीय पातळीवरील करारांत स्थानिक शाखा गौण ठरते, असा एक समज आहे. कोळसा उद्योग पाहा. वेतन देशपातळीवरील संयुक्त समितीत ठरते. 2023 च्या मे महिन्यात झालेल्या अकराव्या करारात 19 टक्के किमान लाभ मिळाला, आणि भारतीय मजदूर संघ त्यात सहभागी होता. परंतु चंद्रपूर, वणी, उमरेडच्या खाणीत छताला आधार पुरेसा आहे की नाही, वसाहतीत पाणी येते की नाही, हे दिल्लीत ठरत नाही. त्यासाठी खाण, क्षेत्र आणि कंपनी अशा पातळ्यांवर संयुक्त सल्लागार समित्या आहेत. तेथे बोलायला अभ्यास करून बसणारा स्थानिक कार्यकर्ताच लागतो.

आता नवी परिस्थिती. 2020 ची औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. 51 टक्के कामगार ज्या संघटनेमागे, ती एकमेव वाटाघाटी करणारी संघटना. तेवढे कोणाकडेच नसतील तर किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद, अशी तिची रचना आहे. पंचवीस टक्क्यांवर शंभरांचे मालक होण्याचा काळ संपला, हे स्वागतार्हच आहे. मात्र अनेक कारखान्यांत भगवा, लाल आणि तिरंगी झेंडा एकाच टेबलाशी बसेल. तेथे घोषणेपेक्षा आकडेवारी कामी येईल, आणि आपल्या सभासदांचे मत काय, हे लेखी हाताशी असणारी शाखाच त्या परिषदेत वजन टिकवील.

संहितेतील ही टक्केवारी आस्थापनेच्या हजेरीपटावरील कामगारांवर मोजली जाते. कंत्राटी कामगाराचे नाव असते ठेकेदाराच्या हजेरीपटावर. एकाच छपराखाली, पुष्कळदा एकाच यंत्रावर काम करणारा हा माणूस त्या मोजणीत नाही, टेबलाशी नाही, आणि कायम कामगारांच्या करारातील लाभही त्याच्यापर्यंत येत नाहीत. उलट कायम कामगारांना दिलेल्या वाढीचा भार हलका करण्यासाठी कंत्राटी माणसे वाढविली जातात, हे कारखान्यात वावरणाऱ्याला सांगायला नको. मागणीपत्राचा मसुदा करताना स्थानिक शाखेने त्यांची वेगळी बैठक बोलाविली, किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा आणि सुरक्षासाधने या त्यांच्या मागण्या आपल्या कागदावर घेतल्या, तर निदान त्यांचा आवाज आत जाईल. अशा बैठकीला कोणताही कायदा आड येत नाही. पाळी सुटल्यावर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवरही ती घेता येते.