गाळ कोणी काढायचा?



साहित्याच्या व्याख्यानमालेत एका प्रोग्रामरला बोलावले आहे असे कळल्यावर आईचा पहिला प्रश्न होता, "तू तिथे काय बोलणार?" शंका रास्त आहे. मी कथा लिहीत नाही, कविताही नाही. दुसरे लोक ज्या साधनाने आपले लेखन जगापुढे ठेवतात, त्या साधनाच्या डागडुजीत माझी बारा वर्षे गेली. नोकरी दिवसा, हे काम रात्री आणि रविवारी.

त्या साधनाचे नाव वर्डप्रेस. त्याची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. मिशेल वाल्द्रिगी नावाच्या फ्रेंच तरुणाने ब्लॉग लिहिण्यासाठी 'बीटू' नावाची प्रणाली केली होती. पुढे त्याचे काम थांबले. वापरणाऱ्यांची पंचाईत झाली. अमेरिकेतला एकोणीस वर्षांचा मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी थांबलेले काम उचलले आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. योगायोग असा, की मराठी विकिपीडियाही त्याच महिन्यात सुरू झाला.

दुसऱ्याचे काम असे उचलता कसे आले? कारण 'बीटू'चा परवाना मुक्त होता. जीपीएल हे त्याचे नाव. या परवान्याखालची प्रणाली कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. अट एकच: बदललेली प्रत वाटायची असेल, तर हीच मोकळीक पुढच्याला द्यायची. मिळालेले पुढे द्या, वाटेत कुलूप लावू नका, इतकेच.

माझ्या वडिलांनी रिंग रोडच्या कापडबाजारात तीस वर्षे हिशेब लिहिले. त्यांनी हे सगळे ऐकून विचारले, "पैसे कोण देतं?" मी म्हणालो, काही कंपन्या आपल्या माणसांना पगार देऊन या कामाला लावतात; बाकी आम्ही फुकट करतो. ते म्हणाले, "मग ही गावची विहीर झाली. पाणी सगळे भरतात. गाळ कोण काढतो?"

त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ आजही नाही. हा समुदाय साधुसंतांचा मेळा आहे असेही समजू नका. मालकी आणि हक्क यांवरून २०२४ मध्ये अमेरिकेत वाद कोर्टापर्यंत गेले. पण गाळ काढणारे असतात. त्यातला मराठीचा गाळ कसा असतो, ते सांगतो.

प्रणालीतले प्रत्येक वाक्य भाषांतरासाठी सुटे करून ठेवलेले असते. स्वयंसेवक भाषांतर सुचवतो, जबाबदार संपादक तपासून मंजूर करतो. सोपे वाटते. आता 'अमुक हटवले' हे वाक्य घ्या. 'अमुक'च्या जागी ऐन वेळी कोणताही शब्द येणार. इंग्रजीचे त्यात काही बिघडत नाही. मराठीत मात्र लेख हटवला, नोंद हटवली, पान हटवले! तीन लिंगे आणि जागा एक. अशा वेळी वाक्य मोडून नव्याने बांधावे लागते, नाहीतर मूळ प्रोग्रामात बदल मागावा लागतो.

दुसरे उदाहरण आपल्या अर्ध्या र-चे. आचार्यास दक्षिणा देतात आणि आचाऱ्यास मजुरी. दर्या आपल्या डुमसला आहे, दऱ्या सह्याद्रीत आहेत. हा भेद ज्या फॉन्टला कळत नाही, तो आचाऱ्याला आचार्य करून मोकळा होतो. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आले. कोणीतरी तक्रार नोंदवली, पुरावे दिले, पाठपुरावा केला, तेव्हा अशा गोष्टी जागेवर येतात.

व्याकरणाच्या या खटपटीला सुरत परकी नाही. १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर या शहरात शिक्षक होते. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी येथे मानवधर्म सभा स्थापन केली. याच सुरतेच्या नर्मदाने गुजरातीचा 'नर्मकोश' जवळजवळ एकट्याच्या बळावर पुरा केला. तो १८७३ मध्ये निघाला. त्यासाठी त्याने सोसलेले कष्ट आणि कर्ज आठवले, की एकट्यावर भार टाकण्याची भीती वाटते.

ही भीती मी अनुभवलेली आहे, आणि चूक माझी होती. तारखा मराठी महिन्यांत आणि देवनागरी अंकांत दाखवणारे एक छोटे प्लगइन मी केले होते. लोक वापरू लागले, मला बरे वाटले. मग नोकरी बदलली, मुलगी झाली, आणि दोन वर्षे मी तिकडे फिरकलो नाही. दरम्यान पीएचपी भाषेच्या आठव्या आवृत्तीत एक जुनी सोय काढून टाकली गेली. माझा प्रोग्राम त्या सोयीवर उभा होता. एका लहान गावातल्या वाचनालयाचे संकेतस्थळ त्यामुळे बंद पडले. त्यांच्या ग्रंथपालांनी तीनदा लिहिले होते. पत्रे माझ्यापर्यंत पोचली होती. मी उघडली नव्हती.

उघडली तेव्हा चौथे पत्र दिसले. मी कधी न पाहिलेल्या एका विद्यार्थ्याने माझा प्रोग्राम वाचून चूक शोधली होती, अकरा ओळी बदलल्या होत्या आणि लिहिले होते, "सर, चालेल का?" मला लाज वाटली, आणि सुटकाही. त्याच रात्री त्या कामाचे हक्क मी त्याच्याकडे सोपवले. वाचनालय सकाळी सुरू झाले.

मुक्त प्रणाली अमर नसते. ती वारसाला उघडता येते, एवढाच तिचा गुण. पण वारस पुढे आला पाहिजे, आणि आधीच्याने जागा सोडली पाहिजे.

आपल्या घरांतही हेच चालले आहे. माझी मुलगी मराठी बोलते. वाचायला मात्र तिला गुजराती लिपी सोपी जाते. शिरोरेखा पाहिली की ती थबकते. तिच्यावर रागावून उपयोग नाही. तिने जे पडद्यावर पाहावे, ते नीट मराठीत असणे हे आपले काम.

या सभागृहात निवृत्त शिक्षक आहेत, मुद्रिते तपासलेली माणसे आहेत. प्रोग्रामिंग यावे लागत नाही. मंजुरीची वाट पाहणारी वाक्ये वाचून 'हे मराठी नव्हे' इतके सांगणारा माणूस आम्हांला हवा आहे. आठवड्याला अर्धा तास पुरेल. व्याख्यान संपल्यावर मी मागच्या दाराशी लॅपटॉप घेऊन बसणार आहे. वडीलही शेजारी असतील. गेल्या दिवाळीपासून ते पन्नास-साठ वाक्ये तपासून देतात. पैसे कोण देतं, हे अजून विचारतात.