नौकेच्या तळाच्या तोट्या

नौका बुडाली असें ऐकिलें म्हणजे ऐकणाराच्या डोळ्यांपुढें वादळ, खवळलेला दर्या आणि मोडलेली डोलकाठी उभी राहते. परंतु कित्येक नौका वादळांत बुडत नाहींत. शांत बंदरांत, धक्क्याला बांधलेल्या असतांना, आंत कोणीहि नसतांना त्या हळूहळू पाण्याखालीं जातात. त्यांचा घात करणारी वस्तु पुष्कळदां मुठींत मावेल एवढीच असते. ती म्हणजे तळाच्या छिद्रावर बसविलेली धातूची तोटी.

जिच्यांत पाणी शिरूं नये म्हणून एवढा खटाटोप, त्या नौकेच्या तळाला मुद्दाम छिद्रें कां पाडावींत, असें श्रोत्यांच्या मनांत येईल. शिडाच्या नौकेंतहि लहानसें इंजिन असतें. तें थंड ठेवण्यास समुद्राचें पाणी आंत घ्यावें लागतें. मोरीचें व शौचकूपाचें पाणी बाहेर सोडावें लागतें. मध्यम आकाराच्या नौकेला अशीं पांचसहा छिद्रें सहज असतात. प्रत्येक छिद्रांत बाहेरून रुंद कांठ असलेला, आट्यांचा नळखंड बसवितात. त्यावर आंतून तोटी, आणि तोटीला रबरी नळी.

आतां हिशेब पाहावा. पाण्याखालीं दोन फुटांवर दीड इंच व्यासाचें छिद्र उघडें पडलें, तर आरंभीं मिनिटाला सुमारें १४० लिटर पाणी आंत येतें. या वेगानें तासाभरांत आठ हजारांहून अधिक लिटर भरेल. हातपंपानें तें उपसूं पाहणारा मनुष्य लवकरच हात टेकतो.

दोष बहुधा धातूच्या निवडींत असतो. पितळ म्हणजे तांबें आणि जस्त. कांसें म्हणजे तांबें आणि कथील. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यांत आंबट पदार्थ कळकतो, हें गृहिणींस ठाऊक आहेच. समुद्राच्या पाण्यांत पितळांतील जस्त हळूहळू विरघळून जातें आणि मागें तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. आकार तोच, आटे तेच. बळ मात्र गेलेलें. पृष्ठभाग खरवडला तर पिवळ्याऐवजीं गुलाबीसर रंग दिसतो. व्यवहारांत माणसाचें पितळ उघडें पडतें. येथें पितळाचें तांबें उघडें पडतें!

धातूंचें हें वैर जुनें आहे. १७६१ सालीं ब्रिटिश आरमारानें 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. थोड्याच वर्षांत तांब्याच्या सहवासांतील लोखंडी खिळे झिजून गेल्याचें आढळलें. १८२४ सालीं सर हंफ्री डेव्ही यांनीं तांब्याला जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडून तें वांचविण्याची युक्ति सुचविली. आजहि नौकांना जस्ताचे ठोकळे लावतात ते याच तत्त्वावर. तरीहि सोय आणि स्वस्ताई यांचा मोह सुटत नाहीं. १९९४ च्या एका आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार पांच वर्षें निर्दोष राहणारी तोटी गंजरोधक ठरे. नौका मात्र चाळीस चाळीस वर्षें वापरली जाते!

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सोलेंटच्या आसपास, अशा जुन्या नौका पुष्कळ आहेत. हिवाळ्यांत त्या उचलून कोरड्या जागीं ठेवतात. तोट्या बदलण्याची वेळ तीच. पाण्यांत असतांना जुन्या तोटीशीं झटापट करणें म्हणजे संकटाला आमंत्रण. दांडा फिरत नाहीं म्हणून जोर करावा आणि तोटी मुळासकट हातांत यावी, असेंहि घडूं शकतें.

कांठावर घेतल्यावर नळखंडाचा बाहेरचा कांठ घासून काढला कीं तो आंतून सुटतो. छिद्राभोंवतीं आंतून जाड, सपाट पाट बसवून भार वांटून द्यावा लागतो. नवी तोटी कांशाची, जस्त न सोडणाऱ्या विशेष पितळाची किंवा काचतंतुयुक्त नायलॉनची असावी. पुष्कळ जण येथें एक चूक करितात. नळखंडाचे आटे सरळ असतात, तर घरगुती कामाच्या अनेक तोट्यांचे आटे निमुळते. असा जोड दोन-तीन फेऱ्यांतच घट्ट होतो आणि काम झालेंसें वाटतें. वस्तुतः सारा भार त्या दोन-तीन आट्यांवर लोंबकळत असतो. अमेरिकन प्रमाणाची अपेक्षा अशी कीं, समुद्रतोटीच्या आंतल्या टोकावर ५०० पौंडांचा भार तीस सेकंद दिला तरी ती ढळूं नये. ही अपेक्षा अवास्तव नव्हे. हेलकाव्यांत एखादा माणूस वा जड पेटी तिच्यावर आदळूं शकते.

सर्व भाग प्रथम कोरडे जुळवून पाहावे, मग कांठाखालीं लेप भरून आवळावे आणि तो पुरता वाळूं द्यावा. नळीला जागा असेल तेथें दोन पट्टे आवळावे. नौका पाण्यांत उतरल्यावर, उचलणारे दोर सोडण्यापूर्वीं, प्रत्येक तोटीवर कोरडें बोट फिरवून ओल पाहावी. पुढें महिन्यांतून एकदां दांडा उघडझांक करावा. न हलविलेली तोटी ऐन वेळीं हलत नाहीं.

आणि प्रत्येक तोटीजवळ तिच्या मापाची एक निमुळती लांकडी गुडदी दोरीनें बांधून ठेवावी. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तो सहसा शब्दांतच राहतो. येथें मात्र ती काडी खरोखरच नौका तारूं शकते. पण ती हाताशीं पाहिजे, आणि अंधारांत शोधावी लागतां कामा नये.