अंगावरचे पांढरे चट्टे आणि बाळाची वाढ
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही सूतगिरणीत तीन पाळ्यांत राबणारी माणसं. डॉक्टरकी शिकलेलो नाही. पण घरात एक गोष्ट घडली, म्हणून वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं. तेवढंच मांडतो.

आमची नात इंदापूरची. जन्मली तेव्हा पाठीवर, मांडीवर पाच-सहा पांढरे चट्टे, पानासारखे लांबट. कोड म्हणून कुजबूज झाली, बोलणं सुनेच्या माहेरापर्यंत गेलं. पाचव्या महिन्यात पोरगी झोपेतून उठली की एकदम हात पसरायची, मान पुढं टाकायची, क्षणात सैल पडायची, की पुन्हा तेच, वीस-वीस वेळा. दचकते, पोटात मुरडा येत असेल, असं आम्हीच म्हणालो. पोर हसायची थांबली, पालथी पडायची तेही विसरली. तरी आम्ही दोन महिने काढले. ते दोन महिने अजून जिवाला लागतात.

बारामतीत एका डॉक्टरीणबाईंनी चट्टे पाहिले, मोबाइलवरचं झटक्यांचं चित्रण पाहिलं आणि त्याच दिवशी पुण्याला धाडलं. मेंदूचा आलेख निघाला, एम.आर.आय. झाला. रोगाचं नाव ट्यूबरस स्क्लेरोसिस. फ्रान्सच्या डॉ. बूर्नव्हील यांनी १८८० साली तो वर्णिला. गर्भात कातडी आणि मेंदू एकाच थरातून घडतात, म्हणून खूण कातडीवर आणि टणक गाठी मेंदूत. सुमारे सहा हजार जन्मांत असं एक मूल. दहातल्या आठ-नऊ जणांना आकडी येते. निम्म्यांच्या आसपास मुलांची बुद्धी मागं राहते, सगळ्यांची नाही. पहिल्या वर्षातले झटके जितके लांबतील तितकी वाढ खुंटण्याची भीती. त्यावर बहुधा आधी विगाबाट्रिन देतात, डोळे मात्र तपासत राहावे लागतात. औषध मनानं बंद करू नये.

एखादा पांढरा डाग चांगल्या पोरांनाही असतो, त्यानं घाबरू नका. तीन किंवा जास्त चट्टे असतील तर दाखवा. झटके असतील तर चट्टे असोत-नसोत, त्याच दिवशी जा. अंगाऱ्या-धुपाऱ्यात आठवडा घालवू नका.

आणि सुनेबद्दल. तिघांतल्या दोघांत हा बिघाड नव्यानंच होतो, आईबापात नसतो. असलाच तर बापाकडूनही येतो. हे कळल्यावर घरातल्या म्हाताऱ्या गप्प झाल्या. आम्हीसुद्धा, कारण बोलणाऱ्यांत आम्ही होतोच.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतची मुलं फुकट तपासतात, वाढीतला उशीरही बघतात. पथक अंगणवाडीत येईल त्या दिवशी ऊसतोडीच्या कोप्यांवरची पोरंही बोलावून आणा.

नात आता चार वर्षांची आहे. तिसऱ्या वर्षी चालली. पाच-सहा शब्द बोलते. पाळी सुटली की तिच्यासोबत मोठे मणी ओवत बसतो. एक ओवते, दोन फेकते. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात आम्ही सकाळी मोकळे असतो. कुणाला बाळ घेऊन बारामतीला जायचं असेल तर सांगा, सोबत येऊ.

जयभीम.