विज्ञानशिक्षण : उत्तराआधी प्रश्न



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींना प्रथम विनम्र अभिवादन करतो. इंदूरसारख्या हिंदीभाषी नगरीत मराठी शाळा सांभाळणे हे व्रतच होय, आणि ते निष्ठेने चालविणाऱ्यांपुढे बोलण्याचा मान मिळाला याचा मला आनंद वाटतो. आयुष्यभर विज्ञान शिकविले, म्हणून विषयही तोच निवडला आहे : विज्ञान मुलांना आवडेल असे कसे शिकवावे?

‘विज्ञान मनोरंजक करा’ असा आग्रह हल्ली सर्वत्र ऐकू येतो. मग मेळावे भरतात, रंगीत द्रावणे फेसाळतात, मुले टाळ्या वाजवितात. त्यात गैर काही नाही. परंतु टाळी वाजविणारे मूल प्रेक्षक असते, आणि प्रेक्षकाला स्वतः काही ठरवावे लागत नाही. गोडी खरी लागते ती आपला अंदाज चुकतो की बरोबर येतो, हे पाहण्याची उत्कंठा निर्माण झाल्यावर.

साधे उदाहरण स्वयंपाकघरातले. कपड्यावरील हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. पुष्कळ पाण्याने कापड खळबळले की तोच डाग पुन्हा पिवळा दिसतो. ‘हळद हा दर्शक पदार्थ आहे’ हे वाक्य फळ्यावर लिहिण्यापूर्वी मुलांना विचारावे : चुन्याच्या निवळीने काय होईल? लिंबाच्या रसाने? खाण्याच्या सोड्याने? आधी अंदाज वहीत लिहावा, नंतर प्रयोग करावा. ‘आम्ल’ आणि ‘अल्कली’ हे शब्द शेवटी यावेत. अनुभव आधी आला म्हणजे त्याला नाव हवेसे वाटते.

दुसरे उदाहरण आपल्या गावाचेच आहे. भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, असे आपण सहज म्हणतो. शाळेच्या अंगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. पहिले आश्चर्य असे की, सावली बाराच्या ठोक्याला सर्वांत आखूड होत नाही. जून-जुलैत ती वेळ साडेबाराच्या आसपास येते. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालते, आणि इंदूर त्याच्या बरेच पश्चिमेला आहे. दुसरे आश्चर्य असे की, सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस : एकदा जूनच्या व एकदा जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास. या दोन दिवसांच्या मधल्या काळात आपली दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असलेल्या ग्वाल्हेरच्या मुलांना मात्र हे दोन्ही कधीच दिसत नाही. ज्या दुपारी इंदूरच्या काठीची सावली नाहीशी होते, त्या दुपारीही ग्वाल्हेरला तेवढ्याच काठीची सुमारे सहा सेंटिमीटर सावली उरते.

हा सहा सेंटिमीटरांचा फरक म्हणजे सुमारे साडेतीन अंशांचा कोन. नकाशावर दोन्ही शहरांमधील निव्वळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३९० किलोमीटर भरते. साडेतीन अंशांना इतके, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडले की उत्तर चाळीस हजार किलोमीटरांच्या जवळ येते, आणि तोच पृथ्वीचा परीघ! इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिसने याच मार्गाने तो काढला होता. सातवीतील मूल एका काठीच्या आधारे हे करू शकते, आणि एकदा केले की विसरत नाही.

अशा अध्यापनाचा मोठा प्रयोग आपल्या मध्य प्रदेशातच झाला. आज नर्मदापुरम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत तो आरंभिला. पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात तयार उत्तरे नव्हती. मुले टोळ्या करून प्रयोग करीत, निरीक्षणे नोंदवीत आणि वर्गात वाद घालीत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, शिवाय प्रात्यक्षिक परीक्षाही होई. मुलांनी आपले प्रश्न ‘सवालीराम’ या कल्पित व्यक्तीला पत्राने विचारावेत, अशीही योजना होती. कार्यक्रम सुमारे एक हजार शाळांपर्यंत पोहोचला. शासनाने तो २००२ साली बंद केला.

त्या वेळच्या वादात मी शिरत नाही. परंतु त्यातून घ्यायचा बोध मला महत्त्वाचा वाटतो. उत्तम पद्धती आणि कष्टाळू शिक्षक एवढ्यावर असे काम टिकत नाही. पालकांना ते आपले वाटावे लागते. वहीत उत्तर उतरवून न दिल्याबद्दल शिक्षकाला जाब विचारणारा पालक आणि गुणपत्रिकेपलीकडे न पाहणारा समाज असेल, तर प्रयोगाची पेटी कपाटातच राहते. मुलाने अनपेक्षित प्रश्न विचारल्यावर ‘मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू’ असे म्हणणाऱ्या शिक्षकाचा मान कमी होता कामा नये. उलट, त्याच क्षणी विज्ञान शिकवणे सुरू झाले असे समजावे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. शाळेला सुसज्ज प्रयोगशाळा जरूर द्या; पण त्याआधी थोडा वेळ द्या. आपल्यापैकी अनेकांचे आप्त ग्वाल्हेरला आहेत. पावसाळ्यात ढगांची अडचण येईल, तेव्हा डिसेंबरातील निरभ्र दिवस ठरवा. दोन्ही गावांच्या कोनांमधील फरक तोच राहतो. त्या दुपारी तिकडे कोणीतरी काठी उभी करून सर्वांत आखूड सावली मोजावी आणि ते माप शाळेला कळवावे. पुढचे गणित आमची मुले करतील. उत्तर चाळीस हजारांऐवजी अडतीस हजार आले तरी बिघडत नाही. चूक कोठे झाली, काठी कलली होती की माप चुकले, याचा शोध त्यांनीच घ्यावा. गुरुजींच्या स्मृतीला याहून उचित अशी दुसरी आदरांजली मला सुचत नाही.